हिरवीचे मडके

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ज्या नगरात ती घडली त्याचे नाव सांगणाऱ्यांनाही आता आठवत नाही. लहानांनी ऐकावी, आणि लहानांना झोपवता झोपवता मोठ्यांनीही ऐकावी.

त्या नगरात घरोघरी मुठीत मावणारे चिमणे पोपट पाळत. आज त्यांना कुणी बजरी म्हणते, कुणी बजी. तिथे ती नुसती पाखरे होती. प्रत्येक परसात बारीक जाळीची एक खोली असे. तिच्यात राळ्याच्या बारीक दाण्यांची वाटी, पाण्याचे खापर, चोच घासायला समुद्रफेसाचा तुकडा, आणि वर टांगलेली, बाजूला भोक पाडलेली मडकी. मादी मडक्यात शिरून अंडी घाली आणि नर भोकाशी लटकून तिला भरवी.

मडके पाहण्याची एक रीत होती. नखाने त्यावर हलकी टिचकी मारायची, मादी बाहेर आली की आत एकदा डोकवायचे, आणि आपल्या कामाला लागायचे. रीत एवढीच.

अशाच एका घरात एक तरुण सून होती. ती शिकलेली होती आणि घाबरट होती. शिकलेली असल्यामुळे घाबरण्याची कारणे तिला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होती. मांजर येईल, मुंग्या लागतील, गारठ्याने अंडी निवतील, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे साप येईल. तिची लहानगी लेक अंगणात धावू लागली, की ती पडण्याआधीच आईच्या तोंडून "पडशील" बाहेर पडलेले असे.

जाळीघर तिच्या सासऱ्यांनी बांधले होते. आता त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून पाखरे सुनेकडे आली. जाळीतली हिरवी मादी आणि निळा नर ही त्यांची लाडकी जोडी. हिरवीने अंडी घातल्यापासून सुनेने मडक्याला टिचकी मारायला जी सुरुवात केली, ती थांबवलीच नाही. उठली की टिचकी, भाकरी थापता थापता टिचकी, लेकीला न्हाऊ घालून ओल्या हातांनी टिचकी. दर वेळी हिरवी फडफडत बाहेर येई आणि मडक्याच्या भोकात तिला सुनेचा भेदरलेला चेहरा दिसे.

एवढ्याने तिचे समाधान होईना. तिने जाळीतून एक जाड दोरी ओवली आणि तिला घंटा बांधली. कुणी जाळीला हात लावला की स्वयंपाकघरात कळावे, एवढाच हेतू. पण घंटा वाऱ्याने वाजू लागली, आणि ती वाजली की सून पीठभरल्या हातांनी धावू लागली.

"सूनबाई," सासरे ओटीवरून म्हणाले, "आता एक कर. तूच मडक्यात जाऊन बस. हिरवीला चुलीशी बसवू."

"मामंजी, तुम्हाला थट्टा सुचते. साप आला म्हणजे?"

"बारीक जाळी आहे गं. माझ्या हातची आहे."

"एखाद्या ठिकाणी सैल झाली असली तर?"



एका सकाळी तिने टिचकी मारली आणि मडक्यात पाहिले, तर अंडी फुटलेली. मडक्यातच फोडलेली, मादीच्या चोचीने. हिरवी कोपऱ्यातल्या दांडीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. याआधीच्या खेपेलाही असेच झाले होते.

सासऱ्यांनी फुटकी टरफले बोटांनी चाचपून पाहिली. "आणखी एकदा घालील ती. ती अंडीही अशी फुटली, तर पुन्हा मडक्यात शिरणार नाही. मग दाणा सोडते मादी. मी पाहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे हिरवी राहत नाही."

सून जाळीघरात गेली. हिरवीकडे पाहण्याचे तिला धाडस होईना, म्हणून पाखरांकडे पाठ करून ती सूप मांडीवर घेऊन राळे पाखडत बसली. डोळ्यांतले पाणी सुपात पडत होते. आणि आता ऐका. त्या काळी पाखरे बोलत, पण कुणी रोखून पाहत असेल तर नाही. इतक्या दिवसांत तिने त्यांच्याकडे पाठ अशी कधी केलीच नव्हती.

"का फोडलीस?" निळ्याने विचारले.

"साप आला होता," हिरवी म्हणाली.

"मला नाही दिसला."

"मलाही नाही दिसला. तिला दिसला असणार. ती उंच आहे, तिला लांबचं दिसतं. तू तिचा चेहरा नाही पाहिलास. भोकात तोंड घालते तेव्हा तिचे डोळे असे होतात, की साप आता मडक्याशी आलाच. दिवसातून किती वेळा येतो तो, निळ्या. पिल्लं त्याच्या तोंडी जायची, त्यापेक्षा माझ्या चोचीने गेली."

सुपातले राळे खाली सांडले. सून उठली आणि घरात आली. तिथे लेक पाण्याच्या कळशीमागे वाकून पाहत होती.

"काय शोधतेस गं?"

"साप," लेक म्हणाली. "तू बघतेस ना. म्हणून मी पण."

सुनेने तिला कळशीमागून ओढून जवळ घेतले. इतके दिवस ती सापाला दाराबाहेर ठेवण्यासाठी झटत होती, आणि तो तिच्याच चेहऱ्यावर बसून घरभर फिरत होता.

हिरवीने शेवटची अंडी घातली. आता सून रीतीप्रमाणे सकाळी एकदा टिचकी मारी, डोकावण्याआधी तोंडावरून पदर फिरवी, आणि नंतर मडक्याकडे पाठ करून पाखडत बसे. भीती गेली होती का? छे. ती पोटात तशीच होती, अंडे उबवावे तशी सून तिला उबवत होती. फक्त तोंडावर येऊ देत नव्हती. घंटा तिने काढून टाकली. दोरी ओढून काढताना जाळीचे एक छिद्र चांगलेच रुंदावले, ते मात्र तिच्या ध्यानात आले नाही.

एका दुपारी निळा एकदम गप्प झाला. सुनेने मान वर केली. जाळीवर, जिथे दोरी होती नेमके तिथे, एक लांबलचक धामण चढली होती. सगळी जाळी चाचपून तिने तेवढीच एक वाट शोधली होती. तिचे डोके आत आले होते.

सुनेच्या तोंडून किंकाळी निघणारच होती. तेवढ्यात तिला दोन गोष्टी दिसल्या. मडक्याच्या भोकातून हिरवी बाहेर पाहत होती, सापाकडे नव्हे, तिच्या तोंडाकडे. आणि दाराशी लेक उभी होती, तीही तिच्याच तोंडाकडे पाहत होती. पुढे काय होणार आहे, ते दोघींना तिच्या चेहऱ्यानेच सांगायचे होते.

किंकाळी तिने गिळली.

"बाळ," ती साध्या आवाजात म्हणाली, "तिथेच थांब हं. पाहुणी आलीय, तिला वाट दाखवते."

ती उठली. तिने सुपाची कड धामणीच्या डोक्यापुढे धरली आणि हळूहळू रेटली. साप फुसफुसला. सुपातले दाणे थरथरून खाली पडत राहिले. पण चेहरा कापत नव्हता. धामणीने डोके मागे घेतले. सुनेने सूप जाळीच्या त्या भोकावर घट्ट दाबून धरले.

"मामंजी," तिने हाक मारली, "जरा काठी आणि तार घेऊन येता का? सावकाश या. घाई नाही."

सासरे आले. बाहेरून त्यांनी काठी आपटली, तशी धामण कुंपणापलीकडे निघून गेली. भोक तारेने शिवताना ते बोटांनी चाचपत म्हणाले, "ही वाट कुणी पाडली?"

"मीच," सून म्हणाली. "साप येऊ नये म्हणून."

म्हातारा हसला नाही. सुनेला मात्र हसू आले, आणि मग बराच वेळ रडू.

तिने मडक्याकडे पाहिले. भोक रिकामे होते. मग आतून पिसे सावरल्याची सळसळ आली. हिरवी अंड्यांवर परत बसली होती.

यथावकाश त्या मडक्यातून राळ्याएवढ्या आवाजात चिवचिव ऐकू आली, आणि पुढे एक पिल्लू भोकाशी आले. खाली सगळी उंचीच होती. सुनेच्या ओठांवर "पडशील" आले. तिने ते सुपात पाखडून टाकले. पिल्लू उडाले, दांडीवर धडपडले, आणि बसले.

"आई, पडलं असतं ना?" लेकीने विचारले.

"पडलं असतं कदाचित," आई म्हणाली. "जा, अंगणात खेळ."

तात्पर्य : पिल्ले जगाकडे नंतर पाहतात, आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहतात, म्हणून आईने भीती पोटात ठेवावी आणि चेहऱ्यावर धीर धरावा.