पहिली ढोली

रानात अजून वाटा पडल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. एका वडात पुष्कळ ढोल्या होत्या आणि वर जायला खोड एकच. बुंध्याशी चिंगी खार राखण करी. पाहुणा आला की ती ढोलीढोलीत विचारत फिरायची.

"चिंगे, तू शोधेस्तोवर पाहुणा म्हातारा होतो गं!" पाखरं हिणवत.

मग तिनं प्रत्येक नावाची ढोली पाठ केली. नाव ऐकलं की ती पाहुण्याला तडक तिकडे धाडी. नाव जुळलं नाही, तर पहिल्या ढोलीत. तिथली म्हातारी पारवी कुणालाही पंखाखाली घेई.

पुढं पारवी वारली आणि तिच्या ढोलीत घुबड आलं. चिंगीचा नेम मात्र तोच राहिला.

एका संध्याकाळी साळुंकीचं खाली पडलेलं पिल्लू धडपडत आलं.

"कुणाकडे जायचंय?"

"आईकडे."

"तिचं नाव?"

"आईच."

"मग पहिली ढोली," म्हणत चिंगी पुढच्या पाहुण्याकडे वळली.

थोड्या वेळानं साळुंकी खाली आली. "चिंगूताई, माझं बाळ आलं होतं का गं इकडं?"

चिंगीनं वर पाहिलं. पहिल्या ढोलीतून एक मऊ पीस तरंगत खाली येत होतं.

आता नाव न जुळलेल्याला घेऊन चिंगी पुन्हा ढोलीढोलीत विचारत फिरते. उशीर झाला म्हणून कुणी हिणवत नाही.