धक्क्यावरचे दोन दिवे

एके काळी एका बंदराच्या गावात धक्क्यावर बिडाचे दोन दिवे समोरासमोर उभे होते. खांबांवर नक्षीच्या वेली आणि माथ्यावर दुधी काचेचे कंदील. संध्याकाळी त्यांच्या मऊ उजेडात माणसं गप्पा मारत बसत.

एकदा नगरपालिकेची माणसं आली. त्यांनी पहिल्याचा कंदील करवतीने कापला, वेली तासल्या आणि वर एक चपटा पांढरा दिवा ठोकला.

"बघ, माझा उजेड चौपट झाला!" पहिला म्हणाला. दुसऱ्याला त्याचा हेवा वाटला.

पण त्या झगझगाटात कुणाला डोळे उघडे ठेवता येईनात. माणसं उठून दुसऱ्याखाली बसू लागली.

"माझं काय चुकलं?" पहिल्याने खांबावर येऊन बसलेल्या एका साळुंकीला विचारलं.

"पूर्वी तू त्यांना सोबत करायचास. आता डोळे वटारतोस."

मग करवत दुसऱ्याकडे आली. तेव्हा तिथे गजरे विकणारी द्वारकाबाई खांबाला पाठ लावून उभी राहिली. "उजेड वाढवा, दादा, पण याचं रूप कशाला मोडता? नवा दिवा आत बसतो का, ते आधी बघा तरी."

मुकादमाने शिडी लावली, काच पुसली आणि छोटासा नवा दिवा आत बसवला. तो सहज मावला. उजेड वाढला, पण काचेतून मऊ होऊनच खाली उतरला.

पहिला दिवा पाहत राहिला. "म्हणजे मला कापायची गरजच नव्हती," तो हळूच म्हणाला.

साळुंकी बराच वेळ त्याच्याजवळ बसून राहिली.