बत्तीसचा टायर

"तिला कुणी काही बोलू नका. ती येईपर्यंत नुसतं जेवायचं थांबा. आपोआप सुटेल सायकल."

सासूबाई माझ्या नवऱ्याला, उमाकांतला, सांगत होत्या. मी मोरीत पाय धुते आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

लग्नाला अडीच महिने झाले होते. सायकल माहेरची, शर्यतीची. टायर बोटाएवढे बारीक. तिच्यावर जिल्ह्यात दोनदा पहिली आलेली. आता माती परीक्षण केंद्रातली नोकरी, अकरा किलोमीटर, त्यातले सात नुसती खडी. आठवड्यात तीन पंक्चर, आणि तिन्ही दिवस घर उपाशी बसलेलं.

रागावलं कुणीच नाही. सगळे प्रेमानं घड्याळाकडे बघत होते.

रविवारी मी बाजारतळावर नबीलाल उस्तादांच्या सायकल दुकानात गेले.

"रुंद टायर बसवायचेत. बसवणार मी, तुम्ही शिकवा."

"केवढे?"

"बत्तीस मिलिमीटर." पोस्टानं मागवलेले दोन जोड मी समोर ठेवले. "अठ्ठावीसचेही आणलेत, लागलेच तर. पण खडीला जेवढा रुंद तेवढा बरा. वाचलंय मी."

"वाचलंय..." उस्ताद स्टुलावर बसले. "मग बसवा."

अंगठे सोलून घेत मी मागच्या चाकावर बत्तीसचा चढवला. हवा भरली, चाक जागेवर बसवलं, फिरवलं.

फिरलं. टायर आणि फ्रेमच्या मध्ये कागद जाईल एवढी फट होती, पण कुठं घासलं नाही.

"बघा," मी म्हणाले.

उस्तादांनी बघितलं. मग पंक्चर शोधायच्या घमेल्याशेजारी झालेला चिखल चिमूटभर उचलला आणि टायरला लावला.

"आता फिरवा."

खर्रर्र... चाक अडलं.

"पुसून काढीन की."

"सात किलोमीटरात किती वेळा?"

मी बोटानं टायरवरचा चिखल काढायला लागले.

"माती तपासता म्हणे तुम्ही," उस्ताद म्हणाले. हसले नाहीत, ते जास्त लागलं.

"म्हणजे जुनेच बारीक ठेवू?"

"असं कोण म्हणालं..."

मी बत्तीसचा उतरवला, अठ्ठावीसचा चढवला. उस्तादांनी टायर आणि फ्रेमच्या मध्ये पान्ह्याची बारीक दांडी घातली. गेली. पुन्हा चिखल लावला. चिखल वर गेला, खाली आला, चाक फिरत राहिलं.

पुढचंही तसंच केलं. सवयीनं मी दगडासारखी हवा भरली होती. त्यांनी वॉल्व्ह दाबून थोडी सोडली.

"शर्यत संपली, सूनबाई."

मला ते आवडलं नाही. निघताना विचारलं, "उस्ताद, चिखल लागणारच नाही असं काही करता येत नाही का?"

"येतं ना. सायकल घरात ठेवायची."

"आणि चालवायची असेल तर?"

उस्ताद हात पुसत राहिले...

"मग लागू द्या. त्याला जायला जागा ठेवा."

सोमवारी खडीवरून गेले आणि आले. पंक्चर नाही. उन्हं असतानाच घरी पोचले. वाढायला घेतलं, तेव्हा उमाकांत दारातल्या सायकलच्या टायरकडे बघून म्हणाला, "जाड झालेत."

"झालेत खरे," सासूबाई म्हणाल्या, "पण म्हणून पुन्हा पंक्चर व्हायचं थांबणार आहे थोडंच?"

अडीच महिन्यांत मी या घरात 'हो' आणि 'बरं' यापलीकडे फारसं बोलले नव्हते. भाकरी वाढली, वाटीत आमटी ओतली.

"होईल," मी म्हणाले. "तेव्हा मला तास-दीड तास उशीर होईल. तुम्ही दोघं जेवून घेत जा. माझं ताट झाकून ठेवा."