टाकीवालीचा दुसरा दगड

धारापूरच्या पडक्या मठात एक काळा दगड सापडला, आणि गावाची झोप उडाली! दगडावर बारीक खळग्यांच्या दहा ओळी होत्या. मानाजीराजांना जुन्या वस्तूंचं भारी वेड. त्यांनी दगड रेशमी गादीवर ठेवला आणि तीन विद्वानांना संशोधनाला बसवलं.

राजवैद्य गदाधरभट म्हणाले, “हा औषधाचा लेख! एका ओळीला एक पळी. रोज दहा पळ्या कडू काढा.”

भाषापंडित त्र्यंबकशास्त्री म्हणाले, “छे! ही आद्य बाराखडी. लहान मुलांना हीच शिकवायला हवी.”

मठांचा इतिहास लिहिणारे केशवबुवा म्हणाले, “चूक! इथल्या सिद्धपुरुषाच्या उपासांची ही नोंद. एक खळगा, एक उपास.”

तिघांनी तीन जाड पोथ्या लिहिल्या. वैद्यांनी शास्त्रीबुवांचा आधार दिला, शास्त्रीबुवांनी केशवबुवांचा, आणि केशवबुवांनी वैद्यांचा! दगडाला हात मात्र एकानंही लावला नाही. सोवळं मोडलं असतं ना!

आता हे खरं की खोटं, ते बघायला एक मूल हवं होतं. रोग नसलेलं, अक्षर न शिकलेलं, आणि मुख्य म्हणजे ज्याचे आईबाप दरबारात ओरडू शकणार नाहीत असं. शिपाई गेले आणि सारजा टाकीवालीची पाच वर्षांची मैना उचलून घेऊन आले. सारजा दारोदार फिरून जात्या-पाट्यांना टाकी लावायची. गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं टोचून पुन्हा खरखरीत करायची.

चार दिवस मठात कोंडलेल्या मैनेला सकाळी काढा, दुपारी बाराखडीपायी छडी आणि संध्याकाळी उपास. पाचव्या दिवशी सारजा पहारेकऱ्यांना ढकलून दरबारात शिरली. समोर तो दगड दिसला आणि तिनं कपाळावर हात मारला.

“अगं बाई! ह्याच्यापायी माझं लेकरू कोंडलंय व्हय? महाराज, हा पाटा हाय! चटणी वाटायचा पाटा!”

तिघे विद्वान खो खो हसले.

“पुरावा काय?” शास्त्रीबुवांनी विचारलं.

“माझा हात!”

“हात म्हणजे ग्रंथ नव्हे, बाई.”

“नसंल! पर ग्रंथावर मिरची वाटली जात न्हाई!”

राजेही हट्टाला पेटले. “तोंडानं काय, कुणीही बोलेल. तीन पोथ्यांपुढे तुझा एक शब्द कसा मानू? उद्या दुपारपर्यंत हा दगड स्वतः बोलला पाहिजे! नाही बोलला, तर संशोधन संपेपर्यंत मुलगी मठातच राहील.”

“आणि संशोधन कधी संपतं, महाराज?”

राजांनी विद्वानांकडे बघितलं. विद्वानांनी छताकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सारजा आली ती डोक्यावर जड गाठोडं घेऊन. आत गोणपाटात गुंडाळलेला आणखी एक काळा दगड!

“महाराज, त्या दगडाचा हा जोडीदार. आधी ह्यो वाचा म्हणावं. मग त्याला बोलायला लावते.”

तिघांचे डोळे लकाकले. वैद्य ओरडले, “दुसरा अध्याय! पहिल्यात औषध, ह्यात पथ्य!”

“आणि हा लांब ओरखडा बघा!” शास्त्रीबुवा वाकले. “हा दीर्घ स्वर! माझ्या पोथीत मी म्हटलंच होतं!”

“स्वर कसला!” केशवबुवा गहिवरले. “इथं सिद्धपुरुषानं देह ठेवला. नोंद इथंच थांबते. आठशे वर्षांचा दगड आहे हा!”

“नक्की?” राजांनी विचारलं.

“खोटं निघालं तर सारजाबाई म्हणेल ते भोगू!” तिघे एका सुरात म्हणाले. त्यांचं एकमत झालेलं दरबारानं पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात मुदपाकखान्यातला आचारी गोंदाजी हातात वरवंटा घेऊनच धावत आला.

“ए सारजे! माझा पाटा कुठं हाय? सकाळी टाकीला दिला, दुपार झाली! महाराजांची चटणी काय डोक्यावर वाटू?” आणि मग त्याला दगड दिसला. “हा बघा! आणि हा ओरखडा गं कसला? चांगल्या दगडाची वाट लावलीस की!”

सारजेचा आवाज एकदम खाली आला. “गोंदाभाऊ, सकाळी टोचताना मठातनं रडणं ऐकू आलं. मैनीचं. हात हालला, छिन्नी घसरली.”

केशवबुवांनी डोळे पुसायला काढलेलं उपरणं हळूच पुन्हा खांद्यावर टाकलं.

“आता त्या पहिल्याला बोलायला लावते,” सारजा म्हणाली. कुणी अडवायच्या आत तिनं रेशमी गादीवरचा दगड खाली ओढला. कनवटीचं मीठ काढलं, लसूण टाकला, मूठभर लाल मिरच्या टाकल्या, आणि गोंदाजीच्या हातातला वरवंटा घेऊन बसली.

घर्र! घर्र! घर्र!

“ऐका, महाराज! आठशे वर्षांनी तोंड उघडलंय बिचाऱ्यानं!”

ठसका असा उठला की प्रधान शिंकले, पहारेकरी शिंकले, वैद्यांची पगडी शिंकेसरशी पोथीवर पडली! राजांनी बोटानं चटणी चाटली, डोळ्यांतनं पाणी आलं, आणि ते जे हसत सुटले, ते थांबेचनात.

“मैनेला आणा! भाकरी आणा! सारजे, आजपासून वाड्यातली सगळी जाती आणि सगळे पाटे तुझ्याकडे, आणि राहायला मुदपाकखान्याशेजारचं घर! आता ह्या तिघांनी काय भोगायचं ते सांग.”

सारजेनं धावत आलेल्या मैनेला पोटाशी धरलं. चटणी लावलेला भाकरीचा तुकडा तिच्या हातात दिला, आणि मगच मान वर केली.

“दुसरं काय न्हाई, महाराज. वैद्यांनी त्यांचा काढा प्यावा, शास्त्रीबुवांनी रोज पाट्याची बाराखडी म्हणावी, बुवांनी उपास धरावेत.”

“अहो, पण किती दिवस?” तिघे किंचाळले.

“असं काय करताय, पंडितजी? संशोधन संपेपर्यंत!”

राजे पुन्हा इतके हसले, की गोंदाजीला पाण्याचा तांब्या घेऊन धावावं लागलं.