ठकूबाईची टाकी

बाभूळझरी हे डोहाकाठचं पन्नास घरांचं गाव. श्री दयाळगीर महाराज उतारवयात तिथे आले, चिंचेखालच्या मठात टेकले आणि गावचेच झाले. त्या मठात ठकूबाई नावाची एक बाई शेणपाणी करी. बारा वर्षांपूर्वी ती एकटीच गावात आली होती. आपण वरच्या मुलखातल्या कुणब्याची लेक, असं तिने सांगितलं होतं आणि गावाने ते मानलं होतं.

पण तिच्या दोन्ही हातांवर काळे-निळे ठिपके होते. तेल उडून भाजलं, असं ती म्हणे. तानूबाई पाटलीण मात्र चारचौघींत म्हणायच्या, "कसलं तेल? रोग हाय तिला. पिठाला हात लावू देऊ नका गं!" ठकू मान खाली घालून हात पदराखाली लपवी. भाविकहो, रोगी म्हणवून घेणं तिने पत्करलं, पण खरं सांगणं तिला जमलं नाही! हसू नका तिला. असलं काहीतरी पदराखाली धरून मीही बसलेलो आहे.

त्या गावची रीत अशी, की भंडाऱ्यासाठी घराघरातून पायलीभर गहू यायचे आणि सगळे मठातल्या थोरल्या जात्यावरच दळायचे. त्या वर्षी भंडारा उद्यावर आला आणि जात्याने दगा दिला. पाच जणी घामाघूम झाल्या, तरी पीठ पडेना, नुसती भरड पडू लागली. देवाचा कोप झाला, असं बाया कुजबुजू लागल्या. ठकू शेण काढत होती त्या गोठ्याकडे पाटलीणबाईंनी बोट दाखवलं. "ही अवदसा मठात हाय तवर असंच व्हायचं. आजच्या आज हिला वाटंला लावा!"

महाराजांनी ठकूला हाक मारली. "ठकू, जात्याला काय झालं गं?"

जात्याची घरघर ऐकून तिला ते सकाळीच कळलं होतं. पण तोंडातून निघालं, "मला काय ठावं, महाराज." प्रत्यक्ष महाराजांशी खोटं बोलली ती! शरमेने तिचे कान तापले.

महाराज उठले, जात्याशी बसले आणि स्वतः खुंटा धरून ओढू लागले. ऐंशी वर्षांच्या त्या हातांना जातं ओढवेना. ते मात्र ठकूला पाहवेना. तिने धावत जाऊन खुंटा धरला.

"थांबा, महाराज! कोपबिप काई न्हाई. दगड गुळगुळीत झालाय, टाकीच्या छिन्नीनं ठोकून पुन्हा खरबरीत कराया पायजे." मग रडतच तिने सगळं सांगून टाकलं. "मी कुणब्याची न्हाई. माझा बा गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावायचा. मीबी लावायची. हा रोग न्हाई, टाकी मारताना उडालेली दगडाची कच हाय कातड्यात. फिरस्त्याची पोर म्हणून कुणी वेशीच्या आत राहू देईना, म्हणून खोटं बोलले. बाची टाकीसुद्धा डोहात फेकली."

ठकू जमिनीकडे पाहत राहिली. आता गाठोडं बांधायचं, एवढंच तिला कळत होतं.

शेजारी भरलेली घागर होती. महाराजांनी विचारलं, "हे पाणी कुठलं?"

"डोहाचं. मीच आणलं सकाळी," पाटलीणबाई म्हणाल्या.

महाराजांनी घागरीत हात घातला आणि काय सांगावं! पाण्यातून लोखंडी टाकी वर आली. गंजाचा मागमूस नाही, ओळखीसाठी बापाने पाडलेल्या तीन खाचा जशाच्या तशा!

"घे पोरी," महाराज म्हणाले. "गावाचं दळण खोळंबलंय तुझ्यासाठी."

बायांनी वरचा दगड उचलून दिला. दुपारभर मठात टाकीचा टकटक आवाज होत होता. दिवस कलता कलता पीठ पडू लागलं, मऊसूत, पांढरंशुभ्र. पाटलीणबाईंनी चिमूटभर उचलून बोटांत चोळलं आणि त्यांना रडू फुटलं. त्या महाराजांच्या पायांवर वाकल्या, तर महाराजांनी पाय मागे घेतले आणि ठकूकडे पाहिलं.

पाटलीणबाईंची मान वर होईना. त्यांनी ठकूचे ते ठिपक्यांचे हात ओढून घेतले, त्यांवर कपाळ टेकलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "आमच्याबी जात्याला टाकी लावायची हाय, बाई. येशील का गं आमच्या घरी?"