सासूचं दार

"...पण मास्तर, असं घातलंयत तरी काय तुम्ही त्या मॅपमध्ये? बावीस वर्षं झाली, पोरं अजून तिथंच कशी खेळतात?"

विचारणारा हृषीकेश टेंबे. पुण्यातल्या एका कंपनीत तो बंदूकबाजीच्या गेमसाठी मॅप, म्हणजे खेळायची जागा, रचायचा आणि स्वतःला मोठा शहाणा समजायचा. आज मात्र नाक मुठीत धरून मिरजेला आला होता. अकरा महिने खपून केलेल्या त्याच्या मॅपवर लोक दोन दिवस फिरले आणि निघून गेले. शुक्रवारपर्यंत सुधारला नाही तर कंपनी तो काढूनच टाकणार होती.

दस्तगीर मास्तर आपल्या सायबर कॅफेच्या दारातल्या टेबलाशी बसून एका हेडफोनला चिकटपट्टी लावत होते. 'वखार' नावाचा तो जुना मॅप त्यांचाच. दुकानात येणाऱ्या पोरांसाठी केला आणि बघता बघता जगभर गेला. आजचा कुठलाही नवा मॅप उघडा, मधली अरुंद गल्ली वखारीतूनच उचललेली असते.

"तीन रस्ते घातले," मास्तर म्हणाले.

"तीनच का? त्यामागचा विचार काय?"

"चौथा घातला की कॉम्प्युटर बंद पडायचा."

हृषीकेशला हसावं की रडावं कळेना. याच तीन रस्त्यांवर त्यानं कॉलेजात चाळीस पानांचा निबंध लिहिला होता.

"माझ्यात एकवीस आहेत," तो म्हणाला. "कुणी चुकू नये म्हणून प्रत्येक वळणावर नावाची पाटी लावलीय. सगळी नावं मीच शोधली."

"हं... डोळे मीट बघू."

त्यानं मिटले.

"वखारीत विहिरीपाशी उभा आहेस. गुळाच्या ढिगाकडं कसा जाशील?"

"उजवीकडे तीन पायऱ्या. मग बोळ. सासूच्या दारात थांबायचं, कानोसा घ्यायचा..." टेबलावर त्याची बोटं आपोआप चालायला लागली. आठवीपासूनची सवय ती.

"सासूचं दार. कुठल्या पाटीवर वाचलंस?"

"पाटी कुठाय तिथं? सगळेच म्हणतात."

"मी पण पोरांकडूनच ऐकलं. आत पाय टाकला की कुठून तरी गोळी बसणारच. दुकानात येणारा फिरोज एका दिवसात सतरा वेळा मेला तिथं. त्यानं ठेवलं नाव."

हृषीकेश डोळे उघडायला गेला.

"डोळे उघडू नकोस. आता तुझ्या मॅपमध्ये चल. आत आलास. पुढं?"

"वेशीपुढं चौक. चौकातून डावीकडं... नाही, तिकडं भुयार आहे. थांबा हं, भुयारातून..."

...

स्वतः बांधलेल्या घरात तो चाचपडत होता.

मास्तरांनी जवळचा एक कीबोर्ड त्याच्या हाताखाली सरकवला. हृषीकेशनं डोळे उघडले. त्यावरची अक्षरं केव्हाच झिजून गेली होती. तरी मागं चार पोरं तसल्याच कीबोर्डांवर मजेत खेळत होती.

त्याला लाज वाटली, खोटं कशाला बोला. पण लाजेच्या मागोमाग हसूही आलं. त्यानं लॅपटॉप काढला आणि कामाला लागला. अठरा रस्ते बुजवले. भुयार गेलं. मग एकेक करत सगळ्या पाट्या उपटल्या. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच त्याला पोटभर श्वास घेता आला. शुक्रवारची भीती कुठं गेली, त्यालाही कळलं नाही. चहा आला, तो त्यानं गरम असतानाच प्यायला.

पुन्हा डोळे मिटले. वेशीपासून शेवटच्या भिंतीपर्यंत तो न अडखळता जाऊन आला.

उठता उठता मात्र त्याची नजर पडद्यावर अडली.

"मास्तर, पण आता फारच रिकामं दिसतंय हो."

मास्तरांनी चिकटपट्टी दातानं तोडली.

"दिसू दे. माणसं मरायला लागली की नावांनी भरेल."