पहिला दाणा खारीचा

आमच्या गावात ऊन फार. इतकं ऊन, की दुपारी घसरगुंडीवर पापड भाजावा. म्हणून तळ्याकाठच्या बागेत जायचं ते संध्याकाळीच.

फाटक उघडायचं. कर्रर्र. आया यायच्या, बाबा यायचे, पोरंटोरं यायची. आणि आजोबांचं बोट धरून मंजू यायची.

आजोबा मंजूला झोका द्यायचे. मग दोघं बाकावर बसायचे. रऊफचाचांकडून शेंगदाण्यांची पुडी घ्यायचे. पुडी सुटायची. आजोबा म्हणायचे,

"पहिला दाणा खारीचा,
मागून दाणा पोरीचा."

बाकाखाली एक चिटुकली खार असायची. तिचं नाव टुकी. ती तुरुतुरु यायची. दाणा घ्यायची. कुटुकुटु खायची.

मग सूर्य डोंगराला टेकायचा. आजोबा त्याला हात करून म्हणायचे, "या हं. उद्या या." सूर्य हळूच डोंगराआड उतरायचा.

एक दिवस आजोबा आले नाहीत. आजोबा देवाघरी गेले होते. मंजूही आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

बाक रिकामा. टुकी बाकाखाली. दाणा नाही.

आणि एका संध्याकाळी तर ऊनसुद्धा जाईना. बागेत कुणी फिरकेना. एकटे रऊफचाचा होते, डोक्यावर ओला रुमाल टाकून.

टुकी उठली. तुरुतुरु, तुरुतुरु, शेपूट वर.

"चाचा, चाचा, माझा दाणा?"

"घे की बेटा. टोपली भरलेली आहे."

"ते दाणे तुमचे. माझा दाणा पुडीतला. पहिला."

चाचांनी मान हलवली. "खरं बोललीस. आपलं तेच मागावं. पण काय करू बेटा,
मंजू येत नाही, पुडी सुटत नाही."

टुकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, शेपूट वर. रस्त्यापलीकडे मंजूचं घर. मंजू खिडकीत बसली होती. गुडघ्यावर हनुवटी.

"मंजूताई, मंजूताई,
मंजू येत नाही, पुडी सुटत नाही,
पुडीविना मला माझा दाणा नाही.
येतेस का गं?"

"मी नाही येत. मला इथून झोका दिसतो. आजोबा होते तेव्हा हलायचा. आता नुसता उभा.
झोका हलत नाही, मंजू येत नाही."

टुकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, शेपूट वर. झोका गप्प लोंबत होता.

"झोक्या, झोक्या,
झोका हलत नाही, मंजू येत नाही,
मंजू येत नाही, पुडी सुटत नाही,
पुडीविना मला माझा दाणा नाही.
हलतोस का रे?"

"कुईं," झोका म्हणाला. "मला कुणी ढकलायला नको का? आजोबा नाहीत. निदान वारा तरी हवा.
वारा वाहत नाही, झोका हलत नाही."

टुकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, शेपूट वर. वारा चिंचेच्या झाडात झोपला होता. घुर्रर्र. टुकीने शेपटीने त्याला गुदगुल्या केल्या.

"वाऱ्या, वाऱ्या,
वारा वाहत नाही, झोका हलत नाही,
झोका हलत नाही, मंजू येत नाही,
मंजू येत नाही, पुडी सुटत नाही,
पुडीविना मला माझा दाणा नाही.
वाहतोस का रे?"

"नको गं, अंग भाजतं," वारा म्हणाला. "तळं निवून गार होऊ दे, मग बघू.
तळं निवत नाही, वारा वाहत नाही."

टुकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, शेपूट वर. तळ्यात पाय घातला आणि चटकन काढला. हाऽऽ.

"तळ्या, तळ्या,
तळं निवत नाही, वारा वाहत नाही,
वारा वाहत नाही, झोका हलत नाही,
झोका हलत नाही, मंजू येत नाही,
मंजू येत नाही, पुडी सुटत नाही,
पुडीविना मला माझा दाणा नाही.
निवतंस का रे?"

"बुडुक," तळं म्हणालं. "मी कसं निवू? पत्ती टाकलीस तर चहा होईल माझा. तो बघ, तो अजून वरच बसलाय.
सूर्य मावळत नाही, तळं निवत नाही."

टुकी निघाली. तुरुतुरु नाही आता. पाय दुखले होते. सरसर, सरसर कडुनिंबावर चढली. अगदी शेंड्यावर. समोर सूर्य. मोठा, लाल, उदास.

"सूर्यदादा, सूर्यदादा,
सूर्य मावळत नाही, तळं निवत नाही,
तळं निवत नाही, वारा वाहत नाही,
वारा वाहत नाही, झोका हलत नाही,
झोका हलत नाही, मंजू येत नाही,
मंजू येत नाही, पुडी सुटत नाही,
पुडीविना मला माझा दाणा नाही.
जा ना आता. जा."

सूर्याचं तोंड एवढंसं झालं.

"निघणाऱ्याला 'जा' म्हणतात का गं?" तो म्हणाला. "आजोबा रोज मला 'या' म्हणायचे. रोज वाट पाहिली. रोज तसाच मुकाट उतरलो. आज नाही उतरत. पाहुणा कितीही जुना असो, निरोपाशिवाय कसा उठेल?"

"आजोबा आता नाहीत," टुकी म्हणाली.

"माहीत आहे गं," सूर्य म्हणाला.

मग टुकी मागच्या दोन पायांवर उभी राहिली. पुढचा चिमुकला हात तिने वर केला, आजोबा करायचे तसा.

"या हं, सूर्यदादा. उद्या या."

सूर्य हसला. थोडंसंच. आणि डोंगराआड उतरला.

सूर्य मावळला, तळं निवलं. बुडुक.
तळं निवलं, वारा वाहू लागला. सूंऽऽ.
वारा वाहू लागला, झोका हलला. कुईं कुईं.
झोका हलला, मंजूने खिडकीतून पाहिला. ती उठली. आईचं बोट धरून आली.
मंजू आली, चाचांनी पुडी बांधली. पुडी घेऊन मंजू बाकावर बसली. आजोबांची जागा तिने तशीच ठेवली.

पुडी सुटली.

मंजूने एक दाणा उचलला.

"पहिला दाणा खारीचा,
मागून दाणा..."

पुढचं तिला म्हणवेना. मग आईच म्हणाली, "पोरीचा."

टुकीने दाणा घेतला. लगेच खाल्ला नाही. छातीशी धरून बसली.

"आई, आजोबांना 'या' कोण म्हणालं?"

"कुणी नाही गं. ते झोपेतच गेले."

मंजूने बाकाच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला. लाकूड अजून कोमट होतं.

"या हं, आजोबा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सूर्य आला. आजोबा आले नाहीत. संध्याकाळी मंजू मात्र आली. पुडी सुटली, आणि पहिला दाणा खारीचा झाला. कुटुकुटु, कुटुकुटु.

पुडी संपली, गोष्ट संपली. कागद हुंगून बघा, दाण्यांचा वास अजून आहे.